मागाला बांधलेलं घड्याळ

बायको गेल्याचं कळलं, त्या दिवशी मिस्त्रीचं घड्याळ सात नंबरच्या मागाला बांधलेलं होतं.

संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. शेडमध्ये चाळीस माग एकदम धडधडत होते. त्या आवाजात मोबाईल ऐकू येणं शक्यच नव्हतं. तो खिशात थरथरला तेव्हा मिस्त्री चिंधीला तेलाचे हात पुसत होता. नाव शेजारणीचं होतं, आणि शेजारीण कधी फोन करत नसे. तो दाराबाहेर गेला, एका कानात बोट घातलं आणि म्हणाला, "हां वहिनी, बोला."

"भाऊजी, ताई गच्चीवर पडल्यात. दवाखान्यात आणलंय. तुम्ही निघा."

"शुद्धीवर आहे का?"

 शेजारणीच्या मागे कुणीतरी चाकाची खाट ओढत नेत होतं, तेवढा आवाज आला. मग ती म्हणाली, "तुम्ही निघा ना, भाऊजी."

शुद्धीवर असलेल्या माणसाबद्दल विचारलं तर लोक हो म्हणतात. मिस्त्रीला जे कळायचं ते कळलं. तो तिथेच, सुताच्या रिकाम्या खोक्यावर बसला.

त्याच्याबरोबर दौऱ्यावर असणारा इलेक्ट्रिशियन धावत आला. काडीसारखा बारीक म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. त्याने काही विचारलं नाही, फक्त गाडीची किल्ली काढली. गाडीत बसल्यावर पैलवानाला घड्याळ आठवलं. तो उतरून आत गेला आणि मागाच्या दांड्यावरून घड्याळ सोडवून घेऊन आला. पट्टा गरम झाला होता. काचेवर आकडा होता तेरा हजार चारशे काहीतरी. पैलवानाने तो आकडा मिस्त्रीला दाखवला नाही. पण मिस्त्रीने पाहिला.

हे घड्याळाचं प्रकरण कसं सुरू झालं ते सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी मिस्त्रीच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी आत दोन स्प्रिंगा बसवल्या आणि सांगितलं, प्राण्यापासून आलेलं काही खायचं नाही. मांस नाही, अंडं नाही, दूध, दही, लोणी काही नाही. आणि रोज चालायचं, दहा हजार पावलं. मिस्त्री जन्मभर दूध घातलेल्या चहावर जगलेला. तो म्हणाला, "डॉक्टर, दुधाची तहान ताकावर भागवायची तरी मुभा ठेवा." डॉक्टर हसले, पण मुभा ठेवली नाही.

बायको घरी बसून शिवणकाम करायची. बाह्या लहान करणं, चेन बदलणं, पडदे शिवणं. तिला काही झालेलं नव्हतं, तरी तिने त्याच दिवशी दूध बंद केलं. "एका घरात दोन पातेली मांडायला मला वेळ नाही," म्हणाली. दही तिचा जीव की प्राण. जेवणाच्या शेवटी वाटीभर दही लागायचंच. तेही सुटलं. वर म्हणायची, "मेलं काय ठेवलंय त्या दह्यात."

लेकीने दोन घड्याळं आणली, एक बाबांना, एक आईला. पावलं मोजणारी. मिस्त्रीचा आकडा बायकोच्या मोबाईलवर दिसायचा, बायकोचा त्याच्या, आणि दोघांचे लेकीच्या. मग बायकोने नियम काढला. "तुम्ही जेवढे चालाल तेवढं मी चालणार. आणि तेवढं झाल्याशिवाय ताटावर बसणार नाही. बघू, बायको उपाशी राहते म्हटल्यावर तरी पाय उचलतात का."

तिचा हिशोब असा होता की नवऱ्याला लाज वाटेल. हिशोब उलटा होता. तो कमी चालला तर तिलाच कमी चालावं लागणार. हे तिच्या लक्षात आलं नसेल असं नाही. पण नियम एकदा तोंडातून गेला की तो मागे घेणाऱ्यातली ती नव्हती.

मिस्त्रीचं काम म्हणजे गावोगावच्या गिरण्यांत जाऊन जुने माग दुरुस्त करायचे. महिन्यातले पंधरा दिवस घराबाहेर. घरी असला की तो सगळं पाळायचा, कारण समोर ती असायची. दौऱ्यावर कोण बघतंय? सकाळी पैलवानाबरोबर दुधाचा चहा, दुपारी कँटीनमध्ये अंडी, कधी त्याहून पुढचंही. साडेसातला तिचा फोन यायचा. "काय जेवलात?" की हा सांगायचा, "भात आणि उकडलेले चणे." पैलवान शेजारी बसून हाडं चघळत असायचा आणि हसू दाबायचा.

खाण्याचं खोटं सोपं होतं. पावलांचं मात्र घड्याळच सांगायचं. चार हजार, साडेतीन हजार. ती ओरडायची.

मग एक दिवस असं झालं. यंत्राजवळ काम करताना फिटर हातात काही ठेवत नाहीत, ना अंगठी, ना घड्याळ. चाकात अडकलं तर बोटासकट जातं. मिस्त्रीने घड्याळ काढलं आणि हाताशी आलेल्या दांड्यावर अडकवलं. धागा ठोकून बसवणारी फणी ज्या दांड्यावर पुढे-मागे होते, तोच तो. माग सुरू करून बघितला, नीट चालला, तो दुसऱ्या मागाकडे गेला आणि घड्याळ विसरला. अर्ध्या तासाने आठवलं तेव्हा साडेतीन हजार पावलं वाढली होती. जुना माग मिनिटाला सव्वाशे ठोके देतो, आणि घड्याळाला प्रत्येक ठोका म्हणजे पाऊल.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला तो हसतच. "आज काय पंख फुटले वाटतं? आठ हजार!"

कितीतरी दिवसांनी ती अशी हसली होती. मिस्त्री म्हणाला, "हं. आज शेड मोठी होती."

झालं. तिथून पुढे दौऱ्यावर रोज घड्याळ मागाला. दहा हजार, अकरा, बारा. गिरणीतले विणकर थट्टा करायचे, "मिस्त्री, सात नंबरला घाम फुटलाय बघा, पाणी पाजा त्याला." मिस्त्रीही हसायचा. ती खरंच तेवढं चालत असेल असं त्याला वाटलं नव्हतं. बोलते, करते थोडीच, असं तो धरून चालला होता. फोनवर तिला धाप लागलेली असायची. तो विचारायचा तेव्हा ती म्हणायची, "आत्ताच जिना चढून आले."

शेजारणीने सगळं सांगितलं. अंत्यविधी झाल्यावर, घरातले लोक पांगल्यावर. ती वाईट म्हणून सांगत नव्हती, कौतुकाने सांगत होती.

"दोन-दोन तास फिरायच्या हो गच्चीवर. मी म्हणायची, ताई, टेका जरा. तर म्हणायच्या, तिकडे ते दिवसभर यंत्राशी झुंजून बारा हजार चालतात, आणि मी खुर्चीवर बसून शिवणारी बाई, मला काय धाड भरलीय?"



मिस्त्री एकटाच जाऊन दवाखान्यातल्या डॉक्टरांना भेटला. विचारलं, चालण्याने झालं का? डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासून कमकुवत असावं, कधी तपासलंच नव्हतं. चालताना झालं, झोपेतही झालं असतं. चालण्यामुळेच झालं असं म्हणता येणार नाही.

"आणि चालण्यामुळे नाही झालं, असं म्हणता येईल?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "तसंही म्हणता येणार नाही," म्हणाले.

आणि लेक. लेक चष्म्याच्या दुकानात कामाला, तिचा नवरा शाळेत शिक्षक. दोघं दुसऱ्या गावात राहतात. परत आपल्या गावी जाण्याच्या दिवशी तिने मोबाईल बाबांसमोर धरला. त्या संध्याकाळचे दोन आकडे तिने जपून ठेवले होते. आईचा आठ हजार सहाशे बारा, तिथेच थांबलेला. बाबांचा तेरा हजार चारशे.

"बघा बाबा," ती म्हणाली, "आई गेली त्या क्षणीसुद्धा तुम्ही दोघं बरोबर चालत होतात."

तिला तेवढाच आधार होता. मिस्त्री 'हो' म्हणाला. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं ते एवढंच, एका अक्षराचं.

दीड महिन्याने तो कामावर गेला. आता त्याने सगळं खरं पाळायचं ठरवलं. बॅगेत भाताचं लहान भांडं, विजेची शेगडी, चणे, शेंगदाणे, मिठाची डबी. लॉजच्या खोलीत रात्री चणे भिजत घालायचे, पहाटे शिजवायचे. शेगडी लावली की दिवा मंद व्हायचा, म्हणून लॉजवाला कुरकुरायचा. चहा कोरा. पहिल्या दिवशी तो कोरा चहा घशाखाली उतरेना. दुसऱ्या दिवशीही नाही. अजूनही तो औषधासारखाच पितो.

कँटीनचा आचारी चिडला. "मांस नाही, समजलं. दूध नाही, तेही समजलं. पण अंड्याने तुमचं काय घोडं मारलंय, मिस्त्री? गेल्या वेळी चार खाल्लीत."

"गेल्या वेळचं सोडा."

"बरं, भाजी घ्या. यात काही नाही."

"लोणी?"

"नाही हो. म्हणजे नुसतं चमचाभर. वासापुरतं."

मिस्त्रीने ताट परत केलं आणि पाव आणि केळी खाल्ली. पैलवान समोर बसून बघत होता. त्याच्या ताटात सगळं होतं, पण तो खात नव्हता.

"वहिनी होत्या तेव्हा हादडत होतास," पैलवान म्हणाला. "आता त्या नाहीत, तर साधू झालास?"

"तेव्हा पाळायला हवं होतं."

"मग आता पाळून कुणाला पोचणार?"

मिस्त्री म्हणाला, "तू जेव. थंड होतंय."

चालण्याचं जास्त अवघड होतं. दिवसभर वाकून, गुडघ्यावर बसून काम केल्यावर छप्पन्न वर्षांच्या माणसाचे पाय चालायला तयार नसतात. पहाटे तो लॉजपासून गिरणीच्या कुंपणापर्यंत जायचा, संध्याकाळी कुंपणाला एक वळसा. कुत्री भुंकायची, पहारेकरी विचारायचा काही हरवलं का. सगळं करून पाच हजार, फार तर साडेपाच. घड्याळ आता मनगटावरच असायचं. यंत्राजवळ जाताना तो ते काढून शर्टाच्या खिशात ठेवी, आणि खिशाला बटण लावी.

चौथ्या दिवशी लेकीचा फोन.

"बाबा, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. का गं?"

"आई असताना दौऱ्यावर बारा-बारा हजार व्हायचे. आता पाच? खरं सांगा, अंथरुणातून उठावंसं वाटत नाही का? मी येऊ का तिकडे?"

 कधी नव्हे ते खरं चालायला लागला, आणि आता कमी पडला. त्याने सांगितलं, काम जास्त आहे, वाढवतो. आणि वाढवलं. सात हजार. आठ. संध्याकाळी काम संपलं की लॉजच्या मजल्यावर, त्या टोकापासून या टोकापर्यंत, चौदा खोल्यांच्या दारांवरून. उजव्या गुडघ्यात कळ यायला लागली. तो गुडघ्याला पट्टी बांधून चालायचा. दहा हजार झाले त्या दिवशी तो पलंगाच्या कडेला बसला आणि बूट काढायला वाकताच येईना. पैलवानाने काढून दिले.

"मिस्त्री, तू स्वतःला शिक्षा करतोयस. कर. पण पायाला का? पायाने काय केलंय?"

"पायाने काही केलं नाही, तेच तर," मिस्त्री म्हणाला.

लेक खूश झाली. एवढ्यावर भागलं असतं. पण आठ-दहा दिवसांनी जावयाचा फोन आला. जावई कधी एकट्याने फोन करत नसे. आवाज खाली आणून बोलत होता.

"बाबा, एक सांगायचं होतं. तिला कळू देऊ नका. ती पण चालते रोज. तुमचे जेवढे होतील तेवढे. म्हणते, आता आईच्या जागी मी. तोपर्यंत जेवत नाही. दिवसभर दुकानात उभी असते, आल्यावर पुन्हा हे. काल मैदानात चक्कर येऊन बसली. मी काही बोललो की रडते, म्हणते आईचं व्रत आहे. तुम्ही जरा कमी चाललात तर बरं होईल हो."

मिस्त्रीने 'बरं' म्हणून फोन ठेवला.  

कमी चाललं तर लेक घाबरते. जास्त चाललं तर लेक उपाशी राहते. आणि या दोन्हींच्या बुडाशी त्याचं ते खोटं बसलेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तो पैलवानाला घेऊन शेडमागे गेला. "आज तिला सांगतो," म्हणाला.

पैलवान काडीने दात कोरत होता. "काय सांगणार? तुझी आई माझ्यामुळे गेली?"

"घड्याळ मागाला होतं, एवढंच सांगणार. पुढचं तिला कळेल."

"कळेल ना. म्हणूनच म्हणतो. आई गेलीच आहे तिची. आता बापही काढून घेतोस?"

"आणि ती पण तशीच पडली तर?"

 पैलवानाने काडी टाकून दिली. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तेव्हा एवढंच म्हणाला, "बघ बाबा. जीभ तुझी आहे."

संध्याकाळी मिस्त्रीने स्वतःहून फोन लावला. लेक धापा टाकत होती. चालतच होती. त्याने तिला बाकावर बसायला लावलं. बसलीस का? बसले. खरंच? बसले हो बाबा.

"मला काही सांगायचंय. तुझ्या आईशी मी खोटं बोलायचो."

"खाण्याबद्दल?" लेक म्हणाली.

मिस्त्रीने मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा, आईला माहीत होतं ते. तुम्ही दौऱ्याहून आलात की तुमचा डबा उघडून वास घ्यायची. म्हणायची, हा बघ आला शाकाहारी बोका, दूध पिऊन डोळे मिटून." लेक हसली. "मी म्हटलं, मग बोलत का नाहीस? तर म्हणाली, खाऊ दे गं, तेवढं माणसाला लागतं. पावलं खरी आहेत ना, मग झालं. तोंड खोटं बोलेल, पण घड्याळ नाही. तेवढ्यावर मी जन्म काढीन, म्हणायची."

खिडकीखाली लॉजवाल्याची बायको वाळलेल्या चादरी काढत होती. एक चादर, दुसरी चादर. 

"बाबा? एवढंच सांगायचं होतं?"

शब्द तयार होते. दुपारपासून त्याने घोळवले होते. घड्याळ मागाला बांधलेलं असायचं. चारच शब्द. 

"नाही. अजून आहे," तो म्हणाला. "मी उद्यापासून घड्याळ घालणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. चालेन, झेपेल तेवढं. मोजणार नाही. तूही मोजू नकोस. सात वाजता जेवून घेत जा."

"बाबा, हे तुम्ही बोलताय?" आता ती उभी राहिली असावी, वारा ऐकू येत होता. "तीन महिने नाही झाले आईला. तिने तुमच्यासाठी काय काय सोडलं. आणि तुम्हाला एक घड्याळ घालायचं जड झालं?"

"जड झालं, बाळा."

"आईचं तेवढं एकच राहिलं होतं आपल्याकडे."

मिस्त्रीला सांगता आलं असतं. याहून चांगली वेळ येणार नव्हती. तिचा राग आलाच होता, त्यात तेही वाहून गेलं असतं. पण त्याला बायकोचं ते वाक्य ऐकू येत होतं, तेवढ्यावर मी जन्म काढीन. ती काढून गेलीही होती. तो म्हणाला, "मला थकवा आला गं. तू जेव." आणि फोन ठेवला.

त्याने घड्याळ पैलवानाला दिलं. पैलवानाने ते घेतलं. कुठे टाकलं ते मिस्त्रीने विचारलं नाही, पैलवानानेही सांगितलं नाही.

जावयाचा एकदा निरोप आला. लेक आता चालत नाही, वेळेवर जेवते, वजन थोडं भरलंय. बाबांवर मात्र रागावलेली आहे. पाहुण्यांत म्हणाली, आई होती तोवर धाक होता, आता बाबांना कशाचंच काही नाही. जावई म्हणाला, मनावर घेऊ नका. मिस्त्री म्हणाला, बरोबर बोलते ती.

मिस्त्री अजून दौऱ्यावर जातो. चणे भिजत घालतो. कँटीनमध्ये लोणी विचारतो. पहाटे आणि संध्याकाळी चालतो, गुडघा नाही म्हणेपर्यंत. किती होतं ते त्याला ठाऊक नाही. लेकीचा फोन रविवारी येतो. ती औषधं घेतली का विचारते, तो हो म्हणतो, ते खरं असतं. काय जेवलात हे ती विचारत नाही. किती चाललात हेही नाही. दोन मिनिटांत बोलणं संपतं.

दर रविवारी फोन येण्याआधी तो ठरवतो की आज सांगायचं. अजून सांगितलेलं नाही.